शोभेचे लिटर बॉक्स: कपाट घ्यावं, बाकडं घ्यावं की कुंडी?

मांजराचा लिटर बॉक्स, म्हणजे त्याच्या शी-शूचा खडे भरलेला डबा, ठेवायचा कुठे, हा फ्लॅटमधला नेहमीचा घोळ. बाथरूममध्ये ठेवला तर अंघोळीच्या पाण्याने आतल्या लिटरचा, म्हणजे खड्यांचा, चिखल होतो. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन गरगरतं आणि मांजर तिकडे फिरकत नाही. हॉलमध्ये ठेवला तर आलेला पाहुणा चहाच्या आधी तोच बघतो. म्हणून फर्निचरच्या वेषातले लिटर बॉक्स निघाले: साइड टेबलासारखं कपाट, बसायचं बाकडं, वर प्लास्टिकचं झाड खोचलेली कुंडी, आणि झाकणाच्या भोकातून आत उतरायचा चौकोनी डबा. ऑनलाइन फोटोत सगळेच देखणे दिसतात. वापरात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. मोठा ट्रे मावेल असं प्लायचं कपाट घ्या. बाकडं चालेल, पण आतली उंची मोजून. वरून उतरायचा डबा तरण्या, सडसडीत मांजरापुरता ठीक. कुंडी नको.

सगळा प्रश्न मापाचा आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची लांबी मोजा आणि तिची दीडपट करा. ट्रे तेवढा लांब हवा. अंगाने बेताचं देशी मांजर ४५ सेंटीमीटर भरलं तर ट्रे ६५ च्या पुढे जातो. इतका मोठा मिळत नसेल तर निदान ६० बाय ४० च्या खाली उतरू नका. मांजर आत गेल्यावर गोल फिरतं, उकरतं, जागा बदलतं, मग बसतं आणि नंतर पुन्हा वळून माती ओढतं. यातलं काही करताना अंग भिंतीला घासलं की ते अर्धं बाहेर उभं राहून उरकतं, किंवा सरळ सोफ्यामागे जातं. मग दोष मांजराच्या माथी मारला जातो.

विकणारे माप देतात ते बाहेरचं. पाऊण मीटर लांबीच्या कपाटातून दोन बाजूंच्या फळ्या वजा करा, मधलं पार्टिशन असेल तर ते आणि त्यापलीकडची पायपुसण्याची जागाही वजा करा. ट्रेसाठी उरतात जेमतेम ४५ ते ४८ सेंटीमीटर. वर्णनात आतलं माप दिलेलं नसेल तर विचारून घ्या, आणि उत्तर आलं नाही तर ती वस्तू सोडून द्या. आयकियाच्या कॅलॅक्स रॅकचा खण कापून त्यात लिटर बॉक्स बसवायची टूम जगभर चालते, आणि डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या नवी मुंबईच्या दुकानात तो रॅक आपल्याकडेही मिळतो. पण त्याच्या एका खणाचं तोंड ३३ बाय ३३ सेंटीमीटर, खोली ४० च्या आत. एवढ्यात पिल्लू मावतं. दोन खण एक करायला मधली फळी काढावी, तर रॅकचा आधारच जातो. शिवाय बाहेरच्या फळ्यांच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखा कागद भरलेला असतो, त्यात नंतर मारलेला स्क्रू धरत नाही. तो रॅक पुस्तकांना ठेवा.

आता लाकडाकडे. तयार कपाटं बहुतेक एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्यांची) असतात, वर सनमायका किंवा कागदी फिनिश. ओल्या फडक्याने पुसलं तर काही होत नाही. मांजराच्या मुताने होतं. काही मांजरं बसता बसता मागचं अंग उचलतात. धार ट्रेच्या काठावरून पलीकडे जाते, ट्रेच्या बाहेरच्या बाजूने खाली उतरते, ट्रेखाली पसरते आणि कपाटाच्या तळफळीचा नि मागच्या पाठीचा जोड गाठते. तिथे बोर्डाची उघडी कड असते. ती ओल शोषते, फुगते, वरचा कागद सुटतो आणि वास लाकडात मुरतो. फुगलेला बोर्ड वाळवून, घासून पूर्ववत होत नाही. फळी बदलायची, नाहीतर कपाट टाकायचं.

म्हणून दुकानात दार उघडून दोन जागी बोट फिरवा. पहिली, मांजराच्या जाण्यायेण्याच्या भोकाची आतली कड. सरळ कडांना कारखान्यात मशीनने पट्टी लागते, पण गोल भोकाला बऱ्याचदा नुसता रंग फासलेला असतो. बोटाला खरखर लागली तर समजा, तिथे बोर्ड उघडा आहे, आणि मांजर रोज तिथेच अंग घासणार आहे. प्लास्टिकची किंवा रबराची रिंग बसवलेली असेल तर उत्तम. दुसरी जागा म्हणजे पाठ. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड खिळ्यांनी ठोकलेला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तो बाक काढतो आणि फटीतून वास बाहेर येतो. खोबणीत सरकवलेली पाठ त्यापेक्षा टिकते.

बोर्डाचं कपाट घेऊन झालं असेल, तरी ते वाचवता येतं. आतले सगळे कोपरे सिलिकॉन सीलंटने भरून घ्या. सीलंट न्यूट्रल प्रकारचं घ्या. दुसऱ्या प्रकाराला वाळेपर्यंत व्हिनेगरचा उग्र वास येतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग दोन-तीन दिवस दारं उघडी टाका. तळाला व्हिनाइल फ्लोअरिंगचा तुकडा कापून घाला, पण तळफळीच्या नेमक्या मापाचा नको: चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर जास्त ठेवा आणि कडा भिंतीवर वर चढवा, कोपऱ्यात घडी घाला. सांडलेलं त्या थाळ्यातच राहतं. नेमक्या मापाचा कापलेला तुकडा काही कामाचा नाही, कारण ओल कडेनेच उतरते.

सुताराकडून करून घ्यायचं असेल तर ८ बाय ४ फुटांची १८ मिलिमीटर प्लायची एक शीट पुरते. कपाटाचं बाहेरचं माप धरा लांबी ९०, खोली ५५, उंची ६० सेंटीमीटर. शीट लांबीच्या दिशेने ५५ आणि ६७ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्यांत फाडायची. अरुंद पट्टीतून वरची फळी, तळ आणि एक बाजू निघते; रुंद पट्टीतून दुसरी बाजू, मधलं पार्टिशन आणि दोन दारं. पाठीला सहा मिलिमीटरची प्लाय वेगळी घ्यायची. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असेल तर ती मरीन ग्रेड, पाण्याला पुरून उरते. आयएस ३०३ मध्ये दोन ग्रेड येतात; त्यातली बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) चालेल, एमआर नको, ती नुसत्या दमटपणापुरती असते. आतून बाहेरून दोन्हीकडे सनमायका लावायला सांगा. आत नुसतं प्रायमर मारून भागवायची सवय असते, तिथे अडून बसा. आतला रंग पांढरा ठेवा, डाग दिसले पाहिजेत.

पार्टिशन अशा जागी घ्या की ट्रेचा खण साडेबासष्ट सेंटीमीटरचा होईल. उरलेली बावीस सेंटीमीटर ही मांजराची पडवी. बाहेरचं भोक पडवीच्या बाजूच्या फळीवर पुढच्या अंगाला, आतलं भोक पार्टिशनवर मागच्या अंगाला, म्हणजे बाहेर येताना मांजर पडवीतल्या चटईवरून चालतं आणि पंजात अडकलेले खडे तिथेच गळतात. भोक २० सेंटीमीटर व्यासाचं, तळापासून १५ सेंटीमीटरवर. पर्शियन किंवा भारदस्त बोका असेल तर पार्टिशन घालू नका, त्याला पडवीत वळता येणार नाही. भोकही २० बाय २५ चं उभट ठेवा. म्हातारं, सांधे धरलेलं मांजर असेल तर उंबरा सात-आठ सेंटीमीटरच ठेवा.

पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण ट्रे सरकत्या फळीवर ठेवा. हे न केल्याने कपाटं बंद पडतात. साधं गणित आहे: ६० बाय ४० च्या ट्रेत सहा सेंटीमीटर थर म्हणजे सुमारे १४ लिटर मापाचे खडे. बेंटोनाइट मातीचं लिटर वजनाला जड असतं, त्यामुळे भरलेला ट्रे दहा किलोच्या पुढे जातो. तो रोज वाकून, दारातून तिरका करून ओढायचा म्हटलं की चौथ्या दिवशी टाळाटाळ सुरू होते. ड्रॉवरला लावतात तसे ४५० मिलिमीटरचे टेलिस्कोपिक चॅनेल लावा, दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटर जागा सोडा, म्हणजे साडेबासष्टच्या खणात ६० ची फळी बसते. ट्रे त्या फळीवर मावेल असाच निवडा आणि चॅनेलची क्षमता निदान ३० किलो असल्याची खात्री करा. चॅनेलच्या गोळ्यांमध्ये लिटरची धूळ जाते आणि सरकताना करकर होते. दोन महिन्यांतून एकदा ब्रशने झाडून घ्या, पण तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटून चॅनेल जाम होतो.

ट्रे स्टीलचा घेता आला तर फारच छान. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे उठतात, त्यात वास बसतो आणि घासून जात नाही. असा ट्रे वर्षाकाठी बदलायचा. केटरिंगवाल्यांच्या भांड्यांच्या दुकानात मिळणारे ठरावीक मापांचे स्टीलचे जीएन पॅन यासाठी वापरता येतात. त्यातला ६५० बाय ५३० मिलिमीटरचा मोठा पॅन पार्टिशन आणि चॅनेल नसलेल्या कपाटात कपाटाच्या तळावर ठेवता येतो. खोली मात्र आतून ५३ पेक्षा जास्त हवी, तेव्हा वरच्या मापात सुताराकडून पाच सेंटीमीटर वाढवून घ्या. नेहमीचा ५३० बाय ३२५ चा पॅन मोठ्या मांजराला अरुंद पडतो. पॅन १५० मिलिमीटर खोल घ्या. धार उडवणारं मांजर असेल तर २००.

वासाबद्दल जाहिराती जे सांगतात ते निम्मंच खरं. कपाट वास थांबवत नाही, कोंडतं. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, आणि बंद जागेत तो साठतो. माणसाला बाहेर काही जाणवत नाही, मांजराच्या मात्र नाकातोंडात जातो. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, म्हणून झरोके पाठीच्या वरच्या कडेला हवेत. ताजी हवा खालच्या भोकातून येते आणि वरून बाहेर पडते. बऱ्याच तयार कपाटांत झरोके शोभेसाठी दाराच्या मधोमध असतात. त्यांनी फारसा फरक पडत नाही. पाठीला वरच्या ओळीत चार सेंटीमीटरची सहा भोकं होल सॉने (गोल भोक पाडायच्या करवतीने) पाडून घ्या आणि कपाट भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे ठेवा. कार्बनच्या गाद्या मदत करतात, पण महिना-दीड महिन्यात भरून जातात. त्यानंतर ती नुसती काळी चिंधी. सुवासिक लिटर आणि अगरबत्ती दोन्ही टाळा. माणसाला मंद वाटणारा वास त्या बंद खणात मांजराला असह्य होतो.

लिटर कुठलं, यावरही कपाटाचं भवितव्य ठरतं. ओल लागली की गोळे होणारं बेंटोनाइट (आपल्याकडे बरंचसं कच्छच्या खाणीतलं) बंद कपाटात सर्वांत बरं. धूळ उडते एवढंच, म्हणून ओतताना ट्रे बाहेर काढून ओता. सोयाबीनचं टोफू लिटर हलकं आणि बिनधुळीचं, पण कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये बंद खणात त्याला बुरशी धरू शकते. थर बदलायला महिना थांबू नका, पंधरवड्याने बदला. पाइनच्या गोळ्या ओल्या झाल्या की भुसा होतात, त्यांना चाळणीचा दुहेरी ट्रे लागतो आणि तो कपाटात उंचीला अडतो.

आत पुसायला काळं फिनाइल वापरू नका, त्यातली फिनॉलं मांजराला विषारी असतात. ब्लीचही नको: मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो, तोही बंद पेटीत. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि मुरलेल्या डागाला एन्झाइम क्लीनर. एन्झाइम फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया जातात; दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या.

बाकड्याविषयी थोडक्यात. बसायला ४५ सेंटीमीटर उंची सोयीची, पण त्यातून वरची फळी, गादी आणि पाय वजा केले की आत ३५ उरतात, आणि मांजराला मान खाली घालून उकरावं लागतं. आत निदान ४५ हवेत, म्हणजे बाकडं ५२-५५ पर्यंत उंच होतं. दारापाशी बूट घालायला ते चालून जातं. वरची फळी १८ मिलिमीटरची आणि मध्ये उभा आधार असेल तरच माणसांनी बसावं. उघडणारं झाकण असेल तर गॅसचे स्ट्रट (झाकण तोलून धरणारे दांडे) लावलेलं घ्या. साध्या बिजागरीवरचं झाकण मांजर आत डोकावत असताना पडलं, तर ते पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. तयार बाकड्यांचे मिनीफिक्स (फिरवून आवळायचे) जोड बसताना-उठताना ढिले होतात. जोडताना सगळे अर्धे आवळा, पाठ बसवून काटकोन तपासा आणि मगच पूर्ण पिळा.

वरून उतरायच्या डब्याचा फायदा खरा आहे: लिटर बाहेर येत नाही, धार भिंतीबाहेर जात नाही, आणि हॉलमध्ये तो सरळ स्टूलसारखा दिसतो. न्यूयॉर्कच्या मॉडकॅटने हा प्रकार देखणा करून दाखवला, आता त्याच्या नकला सगळीकडे मिळतात. पण अशा डब्यांची बाजू साधारण ४० सेंटीमीटरची. चार किलोच्या चपळ मांजरीला पुरतं. सहा किलोच्या बोक्याला, गाभण मांजरीला, पिल्लाला, कंबर धरलेल्या म्हाताऱ्याला नाही. घरात दोन मांजरं असतील तर आणखी एक पंचाईत: खालची बाहेर येताना वरची टपून बसते. एकदा पंजा बसला की खालचीने डबा सोडलाच म्हणून समजा.

आणि कुंडी. पाहुण्यांना कळत नाही हे कबूल, वरचं झाड लांबून खरं वाटतं. पण तळाचा व्यास ४५ सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ होतं सुमारे १,५९० चौरस सेंटीमीटर. ६० बाय ४० च्या ट्रेचं २,४००. म्हणजे जागा दोन-तृतीयांश, तीही गोल, त्यामुळे मांजर कायम काठावर. साफ करायला वरचं झाड, त्याचा थाळा आणि घुमट तिन्ही उचलावे लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ कोण उचलणार? झाकण न उचलता भोकातून खोरं घालायला गेलात तर पलीकडचा कोपरा हाती लागत नाही. वेताच्या विणीचे आणि कापडी आवरणाचे बॉक्स याच रांगेत बसवा: ओल मुरते, धुता येत नाही, आणि मांजर त्यावर नखं काढतं.

कपाटावर खरी झाडं ठेवणार असाल तर लिली जातीचं एकही नको, तिचे परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात. मनी प्लांटनेही तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते.

लपवलेल्या ट्रेचा एक तोटा वस्तूचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. उघडा ट्रे घाण झालेला दिसतो, दाराआडचा दिसत नाही. दिवसातून दोनदा खोरं फिरवलंच पाहिजे आणि तेव्हा गोळे बघितले पाहिजेत. रोज मुताचे दोन ते चार गोळे नेहमीचे. अचानक मोठे आणि जास्त दिसायला लागले तर किडनी किंवा मधुमेह तपासून घ्या. बोका वारंवार आत जातोय, बसतोय आणि गोळा एकही नाही, तर लघवी अडकलेली असू शकते. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच वेळी डॉक्टर गाठा. आत मोशन सेन्सरचा बॅटरीवरचा छोटा दिवा लावा. मांजराला गरज नाही, तुम्हाला आहे. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक परजीवीची अंडी विष्ठेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगी होतात, म्हणून रोजची सफाई टाळू नये.

दोन मांजरांना तीन ट्रे हा हिशेब कपाटालाही लागू आहे, आणि एका भिंतीला लागून ठेवलेली दोन कपाटं मांजराच्या लेखी एकच जागा. अशा घरात कपाटाला समोरासमोर दोन भोकं ठेवा, म्हणजे कोणी वाट अडवली तरी आतलं मांजर अडकत नाही. झडप लावू नका.

नवं कपाट आल्यावर पॉलिशचा आणि गोंदाचा वास जाईपर्यंत आठवडाभर रिकामंच उघडं ठेवा. मग दारं काढून ट्रे आत ठेवा, जुन्या लिटरमधल्या दोन मुठी नव्यात मिसळा, आणि जुना ट्रे शेजारीच राहू द्या. मांजर आपणहून आत जायला लागलं की दारं लावा, पण उघडी. आणखी चार-पाच दिवसांनी एक दार बंद, मग दुसरं. दारं बंद असताना सलग आठवडाभर सगळे गोळे आतल्या ट्रेत सापडले, तर जुना ट्रे उचला. एखाद्या दिवशी बाहेर केलं तर एक पायरी मागे या आणि दार पुन्हा उघडा.